ड्यूक लॅक्रॉस प्रकरण: सरकारी वकिलाने काय लपवलं आणि ते सापडलं कसं

ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठ्यांनी खेळायचा मैदानी खेळ) संघावर झालेल्या बलात्काराच्या खोट्या आरोपाबद्दल एलएलबीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. सरकारी वकिलाने नेमका कोणता गैरप्रकार केला? तो उघडकीला कसा आला? आणि ती मुलं श्रीमंत घरची होती म्हणून सुटली, असं म्हणतात त्यात तथ्य किती? मी फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी हे प्रकरण वाचायला लावतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी घटना. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम नावाचं शहर आहे. 13 मार्च 2006 च्या रात्री तिथे ड्यूकच्या लॅक्रॉस संघाच्या कप्तानांनी भाड्याच्या घरात पार्टी केली आणि पैसे देऊन दोन नर्तकी बोलावल्या. मध्यरात्रीच्या सुमारास वाद झाला, पार्टी मोडली. त्यातल्या एका महिलेने त्या रात्रीच तक्रार केली की घराच्या बाथरूममध्ये आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती कृष्णवर्णीय होती आणि शेजारच्याच नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल या, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात शिकत होती. संघातले 47 पैकी 46 खेळाडू गोरे, बरेचसे सुखवस्तू घरचे. त्या रात्री त्यांच्यापैकी कुणीतरी वंशद्वेषी शेरेबाजी केली होती आणि ती शेजाऱ्याने ऐकली होती. वयात न बसणारी मुलं दारू प्यायली होती. या गोष्टी झाकायचं कारण नाही. पण खटला बलात्काराचा होता, आणि तो पुराव्यावरच चालायला हवा होता.

तक्रार खोटी निघते तेव्हा सगळं बोट तक्रारदाराकडे जातं. मला ते पटत नाही. तक्रार ही तपासाची सुरुवात असते. खोटी, अर्धवट, गोंधळलेली, नशेत दिलेली, अशा सगळ्या प्रकारच्या तक्रारी ठाण्यावर येतात, आणि खऱ्याही येतात. खरं-खोटं निवडण्यासाठीच तर जबाब, ओळखपरेड, वैद्यकीय तपासणी, प्रयोगशाळा, ग्रँड ज्युरी (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) अशा पायऱ्या ठेवलेल्या असतात. डरहॅममध्ये जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने यातली एकेक पायरी निकामी केली. गैरप्रकार म्हणतात तो हा.

माइक निफाँग हे त्यांचं नाव. त्याच कार्यालयात अनेक वर्षं दुय्यम म्हणून काम केलेले. 2005 मध्ये गव्हर्नरांनी रिकाम्या जागेवर त्यांना नेमलं. पण तिथे जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडून येतो, आणि पक्षांतर्गत निवडणूक होती 2 मे 2006 ला. आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे सरकारी वकील नेमला जातो. राजकीय दबाव इथेही असतो, पण प्रचाराची सभा घेऊन कुणी खटला चालवत नाही. मार्चच्या अखेरीस निफाँग रोज वाहिन्यांवर दिसू लागले. पन्नासहून अधिक मुलाखती दिल्या. खेळाडूंना गुंड म्हणाले. टीव्हीवर स्वतःच्या गळ्याभोवती हात आवळून, महिलेचा गळा मागून कसा दाबला असेल याचं प्रात्यक्षिक दाखवलं. काही केलंच नसेल तर यांना वकील कशाला लागतो, असंही विचारलं. हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. आरोपीने वकील घेणं हाच गुन्ह्याचा पुरावा, असं खुद्द सरकारी वकीलच सांगत होता. वस्तुस्थिती अशी होती की, त्या घरात राहणाऱ्या तिन्ही कप्तानांनी पोलिसांना वकिलाशिवाय जबाब दिले होते, डीएनएचे नमुने स्वखुशीने दिले होते आणि लाय डिटेक्टर चाचणीचीही तयारी दाखवली होती.

23 मार्चला सरकारी पक्षाने सगळ्या 46 गोऱ्या खेळाडूंचे डीएनए नमुने घेण्याची परवानगी न्यायालयाकडून मिळवली. त्या अर्जात लिहिलं होतं की, या चाचणीने निर्दोष लोक तात्काळ वगळले जातील आणि संशयित कोण ते निर्णायकपणे कळेल. 10 एप्रिलला सरकारी प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला. एकाही खेळाडूचा डीएनए महिलेच्या शरीरावरच्या नमुन्यांशी जुळला नाही. स्वतःच्याच अर्जातल्या शब्दांना धरून तो तपास तिथे थांबायला हवा होता. दुसऱ्याच दिवशी निफाँग नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलच्या सभेत गेले आणि प्रकरण संपलेलं नाही असं जाहीर केलं. आरोपींनी निरोध वापरला असेल, असंही ते म्हणत होते. तक्रारदाराने स्वतः सांगितलं होतं की तसं काही वापरलं नव्हतं.

त्याआधी, 4 एप्रिलला, फोटोंवरून ओळख झाली होती. हा भाग नीट वाचा, कारण ओळखपरेडीवर तुम्हाला उद्या उलटतपास घ्यायचाच आहे. मार्चमध्ये झालेल्या फोटो-ओळखीत महिलेने कुणालाही हल्लेखोर म्हणून ओळखलं नव्हतं. म्हणून या वेळी तिला संघातल्या 46 जणांचेच फोटो दाखवले आणि हे सगळे पार्टीत असल्याचा संशय आहे, असं आधीच सांगितलं. आपण ज्यांना डमी म्हणतो, तसा प्रकरणाशी संबंध नसलेला एकही माणूस त्या फोटोंत नव्हता. म्हणजे तिने कुणावरही बोट ठेवलं तरी तो आरोपीच ठरणार, चुकायला वावच नव्हता. डरहॅम पोलिसांचा स्वतःचा लेखी नियम डमी ठेवायला सांगत होता. तीन जण निवडले गेले: रीड सेलिग्मन, कॉलिन फिनर्टी आणि डेव्हिड इव्हान्स. इव्हान्सबद्दल ती म्हणाली की, मिशी असती तर पूर्ण खात्री झाली असती. त्या काळातल्या त्याच्या एकाही फोटोत मिशी नाही. जो खेळाडू पार्टीला आलाच नव्हता, तोही तिथे पाहिल्याचं तिने सांगितलं. कोणत्याही तपासी अंमलदाराने इथेच सावध व्हायला हवं होतं.

17 एप्रिलला ग्रँड ज्युरीने सेलिग्मन आणि फिनर्टी यांच्यावर आरोप निश्चित केले. निवडणुकीला जेमतेम पंधरा दिवस होते. प्रत्येकाचा जामीन चार लाख डॉलर. ग्रँड ज्युरी म्हणजे मोठी चाळणी, असा आपला समज असतो. नॉर्थ कॅरोलिनात ती चाळणी फार सैल आहे. आरोपीचा वकील आत नसतो, कामकाजाची नोंद ठेवली जात नाही, आणि इथे तर फक्त पोलीस अधिकाऱ्यांनी साक्ष दिली. इव्हान्सवर 15 मे रोजी आरोप ठेवले गेले, पदवीदान समारंभाच्या दुसऱ्या दिवशी. तोवर निफाँग निवडणूक जिंकले होते. विद्यापीठाने संघाचा हंगाम 5 एप्रिललाच रद्द केला होता, प्रशिक्षक माइक प्रेसलर यांना राजीनामा द्यावा लागला होता, आणि या प्रकरणावरून 88 प्राध्यापकांच्या नावांची जाहिरात विद्यार्थ्यांच्या दैनिकात छापून आली होती. आरोप निश्चित व्हायच्या आतच मुलांना शिक्षा मिळायला लागली होती.

सेलिग्मनची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आरोपातली घटना घडू शकेल एवढा वेळ तो त्या घरात नव्हताच, आणि हे सिद्ध करायला साक्षीदाराच्या भरवशावर राहायचीही गरज नव्हती. नाच सुरू झाला बाराच्या ठोक्याला आणि चार मिनिटांत आटोपला. फोटोंवर वेळ छापलेली आहे. त्यानंतर सेलिग्मनच्या मोबाइलवरून एकामागून एक कॉल झाले. 12.14 ला त्याने टॅक्सी मागवली. 12.24 ला बँकेच्या एटीएमच्या कॅमेऱ्यात तो पैसे काढताना दिसतो. 12.46 ला त्याच्या कार्डाने वसतिगृहाचं दार उघडलं. टॅक्सीचालकाने त्याला नेल्याचं सांगितलं. सेलिग्मनचे वकील कर्क ऑस्बॉर्न ही कागदपत्रं घेऊन सरकारी वकिलाला भेटू पाहत होते, निफाँग यांनी भेटच नाकारली. थोड्याच दिवसांत त्या टॅक्सीचालकाला दुकानातल्या चोरीच्या जुन्या वॉरंटवर अटक झाली. त्यात तो निर्दोष सुटला. ऑस्बॉर्न मार्च 2007 मध्ये हृदयविकाराने गेले. आपला अशील सुटला हे त्यांना ऐकायला मिळालं नाही. निकाल आला तो जेमतेम दोन-अडीच आठवड्यांनी.

आता तुमचा दुसरा प्रश्न: पकडले कसे गेले?

सरकारी प्रयोगशाळेत काही जुळलं नाही, म्हणून निफाँग यांनी नमुने बर्लिंग्टन इथल्या डीएनए सिक्युरिटी या खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले. तिचं तंत्र जास्त सूक्ष्म होतं. तिला सापडलं ते भलतंच. महिलेच्या शरीरावर आणि अंतर्वस्त्रावर अनेक पुरुषांचा डीएनए होता आणि त्यातला एकही या संघातला नव्हता. प्रयोगशाळेचे संचालक ब्रायन मीहान यांनी हे एप्रिलमध्येच निफाँग यांना समक्ष सांगितलं. म्हणजे इव्हान्सवर आरोप ठेवण्याच्या आधी. 12 मे रोजी अहवाल आला त्यात ही गोष्ट नव्हती. जे जुळलं तेवढंच त्यात लिहिलं होतं. त्यानंतर निफाँग न्यायालयाला सांगत राहिले की, सगळं आरोपींना दिलं आहे.

इथे थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये ब्रॅडी खटल्यात सांगितलं की, आरोपीला उपयोगी पडेल असा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने त्याला दिलाच पाहिजे. तत्त्व उत्तम. अडचण अशी की काय उपयोगी आहे हे ठरवणार सरकारी वकीलच, आणि त्याने लपवलेलं आरोपीला कळणार कसं? नॉर्थ कॅरोलिनाने 2004 मध्ये त्यापुढे पाऊल टाकलं. अ‍ॅलन गेल नावाच्या माणसाला फाशीची शिक्षा झाली होती. सरकारी पक्ष ज्या दिवशी खून झाला म्हणत होता, त्यानंतरही मृत माणसाला जिवंत पाहिल्याचे अनेक जबाब सरकारी फाइलमध्ये पडून होते, आणि ते बचावाला दिलेच नव्हते. फेरखटल्यात गेल सुटला. मग राज्याने कायदाच केला की, सरकारी पक्षाची अख्खी फाइल आरोपीला दाखवायची. हा कायदा नसता तर ड्यूकच्या तिघांचं काय झालं असतं, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

या कायद्याच्या जोरावर बचाव पक्षाने प्रयोगशाळेचा सगळा मूळ डेटा मागितला. निफाँग यांनी विरोध केला, न्यायाधीश ऑस्मंड स्मिथ यांनी तो द्यायला लावला. ऑक्टोबरच्या अखेरीस 1,844 पानं आली. आकडे, आलेख, नमुन्यांचे क्रमांक. सारांश नाही, निष्कर्ष नाही. इव्हान्सच्या वकिलांमध्ये ब्रॅड बॅनन हे तरुण वकील होते. त्यांची पार्श्वभूमी विज्ञानाची नव्हती. त्यांनी डीएनएवरचं पाठ्यपुस्तक विकत घेतलं आणि ती पानं रात्रंदिवस बसून वाचली. एकेका नमुन्याचा क्रमांक घेऊन, त्यात कोणते गुणधर्म दिसतात ते खेळाडूंच्या प्रोफाइलशी ताडून पाहिलं. पुरुषांचा डीएनए दिसतोय, कुणाशीच जुळत नाही आणि अहवालात त्याचा उल्लेख नाही, असं त्यांना एकामागून एक नमुन्यात आढळलं. डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी हे सगळं मांडणारा अर्ज दाखल केला.

15 डिसेंबर 2006 ला सुनावणी होती. निफाँग यांनी अचानक मीहान यांनाच साक्षीला उभं केलं. बचाव पक्षाला कल्पना नव्हती. उलटतपासाची तयारी करायला वेळ नव्हता, पण बॅनन यांना ती पानं पाठ झाली होती. त्यांनी एकेक नमुना पुढे ठेवला: हा कुणाचा, यात कुणाचा, अहवालात कुठे आहे? मीहान यांना प्रत्येक वेळी मान्य करावं लागलं. मग बचाव पक्षाचे दुसरे वकील जिम कूनी उभे राहिले. अहवालातून हा निष्कर्ष वगळणं हे तुमच्यात आणि निफाँग यांच्यात ठरवून झालं होतं का, हा त्यांच्या प्रश्नाचा मतितार्थ. मीहान यांनी होकार दिला. भर कोर्टात, सरकारी साक्षीदाराच्या तोंडून.

एका आठवड्याने सरकारी वकिलाच्या कार्यालयातल्या तपासनिसाने तक्रारदाराशी घटनेबद्दल पहिल्यांदा सविस्तर बोलणं केलं. पहिले आरोप ठेवून आठ महिने झाले होते! तिची हकिकत पुन्हा बदलली आणि 22 डिसेंबरला बलात्काराचा आरोप मागे घेतला गेला, बाकीचे तसेच ठेवले. आठवडाभरातच राज्याच्या बारने, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, निफाँग यांच्यावर शिस्तभंगाची तक्रार दाखल केली. जानेवारीत ते खटल्यातून बाजूला झाले आणि प्रकरण राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) रॉय कूपर यांच्याकडे गेलं. कूपर यांच्या लोकांनी सगळं पहिल्यापासून तपासलं. 11 एप्रिल 2007 ला त्यांनी सगळे आरोप मागे घेतले. पुरावा अपुरा आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत, हे तिघे निर्दोष आहेत असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तक्रारदारावर खटला भरला नाही. ती सांगत असलेल्या वेगवेगळ्या हकिकतींवर तिचा स्वतःचा विश्वास असावा, असं तिच्याशी बोललेल्या तपासनिसांचं मत पडलं होतं. पुढे दुसऱ्या गुन्ह्यात ती तुरुंगात गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये आपण तेव्हा खोटं बोललो होतो असं तिने जाहीर केलं. अठरा वर्षांनी. पण सरकारी वकिलाच्या हातात सत्य पहिल्या महिन्यातच होतं, म्हणून त्याची जबाबदारी मी मोठी मानतो.

शिक्षा काय झाली? 16 जून 2007 ला निफाँग यांची सनद गेली. न्यायाधीशांसमोर खोटं विधान केल्याबद्दल न्यायालयाच्या अवमानात एक दिवसाचा तुरुंगवास झाला, तो त्यांनी सप्टेंबरमध्ये भोगला. बस, एवढंच. कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये इम्ब्लर खटल्यात सरकारी वकिलाला खटला चालवण्याच्या कामाबद्दल नुकसानभरपाईच्या दाव्यापासून पूर्ण संरक्षण दिलं आहे. वर्तमानपत्रांशी बोलणं किंवा पोलिसासारखा तपास करणं यात ते संरक्षण कमी होतं, पण पुरावा दडपणं बहुतेक वेळा त्या कवचातच बसतं. तिघांनी डरहॅम शहरावर लावलेला दावा 2014 मध्ये मिटला. त्यांना स्वतःला काही मिळालं नाही. शहराने 50,000 डॉलर राज्याच्या निर्दोषत्व चौकशी आयोगाला द्यायचे ठरले. विद्यापीठाने मात्र 2007 मध्येच तिघांशी तडजोड केली होती, रक्कम गुप्त राहिली.

आता तिसरा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्रीमंतीमुळे सुटले का? ते निर्दोष होते म्हणून सुटले. पण निर्दोषत्व त्या 1,844 पानांत दडलेलं होतं, आणि ती पानं वाचायला वकिलाचे आठवडेच्या आठवडे लागतात. पैसे होते म्हणून ती वाचली गेली. आरोप मागे घेतले त्या दिवशी सेलिग्मन स्वतःच म्हणाला, त्याचा आशय असा: पुरावा नसताना आमचं हे करू शकतात, तर बचावाची साधनं नसलेल्यांचं काय करत असतील? तो पुढे कायदा शिकून वकील झाला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर डरहॅममध्येच होतं. 1995 मध्ये याच निफाँग यांनी डॅरिल हॉवर्ड नावाच्या कृष्णवर्णीय माणसावर एका स्त्रीच्या आणि तिच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा खटला चालवला होता. तेव्हाही डीएनए जुळला नव्हता. ज्युरीला सांगितलं गेलं की, या खुनांचा लैंगिक अत्याचाराशी संबंध नाही, म्हणून डीएनए गैरलागू आहे. अत्याचार झाल्याचं सुचवणारी पोलिसांची टिपणी फाइलमध्ये होती, बचावाकडे ती नव्हती. हॉवर्ड यांना 80 वर्षांची शिक्षा झाली. सुटका झाली 2016 मध्ये, वीसपेक्षा जास्त वर्षं गेल्यावर. 2021 मध्ये गव्हर्नरांनी निर्दोष म्हणून त्यांना माफी दिली. ते गव्हर्नर होते रॉय कूपर, लॅक्रॉस खेळाडूंना निर्दोष ठरवणारे तेच. हॉवर्डसाठी कुठलीही वाहिनी डरहॅमच्या न्यायालयाबाहेर गाड्या लावून बसली नव्हती.

खेळाडूंचंच आणखी एक उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या ब्रायन बँक्सचं पाहा. लाँग बीचच्या शाळेत फुटबॉल खेळायचा, मोठ्या विद्यापीठाची जागा जवळपास पक्की होती. 2002 मध्ये, सोळाव्या वर्षी, खोटा आरोप झाला. खटला लढलास आणि हरलास तर आयुष्य तुरुंगात जाईल, या भीतीपोटी त्याने तडजोड स्वीकारली आणि पाच वर्षांहून जास्त काळ आत काढला. पुढे आरोप करणारीची कबुली रेकॉर्ड झाली, तेव्हा कुठे 2012 मध्ये त्याच्यावरचा दोष पुसला गेला. त्याच्या प्रकरणात कोणत्याही पानाचा उलटतपास झालाच नाही, कारण खटलाच उभा राहिला नाही.

शेवटी आपल्या कोर्टांपुरतं. आपल्याकडे आरोपीला मिळतात ती प्रामुख्याने दोषारोपपत्रासोबतची, म्हणजे सरकारी पक्ष ज्यांवर भिस्त ठेवतो ती कागदपत्रं. ज्यांवर भिस्त ठेवलेली नाही अशा जप्त वस्तू, जबाब आणि कागदांची यादीही आरोपीला द्यावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या नियमांत आणि 2022 च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात भर दिला. पण ही यादी आपोआप हातात पडेल म्हणून थांबू नका, पहिल्या काही तारखांतच लेखी अर्ज द्या. दुसरी गोष्ट सी.ए. रिपोर्टची, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरच्या अहवालाची. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, ही तरतूद आधी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 293 मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 329 मध्ये आहे. त्यामुळे एक-दोन पानांचा अहवाल निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून रेकॉर्डवर येतो आणि त्यामागचे आलेख कुणी मागतच नाही. डीएनएचा अहवाल असेल तर मूळ आलेख आणि सगळ्या नमुन्यांचा तक्ता मागा. नाकारला तर नाकारल्याचा आदेश लेखी घ्या, आणि तज्ज्ञाला साक्षीला बोलवायचा अर्ज द्या. उलटतपासातला पहिला प्रश्न असा ठेवा: तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचा निष्कर्ष या अहवालात आहे का?